ज्या वर्गात बधिरांना प्रवेश नव्हता : विशेष शिक्षकांच्या एका जुन्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची कथा

१/
वॉशिंग्टन शहराच्या ईशान्य भागात केंडल ग्रीन नावाचे एक हिरवेगार आवार आहे. बधिर विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन पदवी देण्याचा अधिकार या आवारातील संस्थेला १८६४ मध्ये मिळाला. १८९१ मध्ये तेथेच शिक्षकांसाठी एक पदव्युत्तर वर्ग उघडला. बधिर मुलांना कसे शिकवावे, याचे शास्त्र त्या वर्गात शिकवले जाणार होते. प्रवेशासाठी एक अट होती : उमेदवाराला ऐकू आले पाहिजे.

२/
बधिरांच्या महाविद्यालयात बधिरांच्या शिक्षणाचा वर्ग भरावा आणि त्यात बधिरांनाच जागा नसावी, ही विसंगती एका दिवसात जन्माला आली नव्हती. तिच्यामागे शंभर वर्षांचा वाद, दोन मित्रांचे वैर आणि सरकारी अनुदानासाठी केलेली एक तडजोड होती. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा, तर या वर्गाच्या दारापाशी थोडे थांबावे लागते.

३/
आरंभ पॅरिसपासून करावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आबे द लेपे या धर्मगुरूने बधिर मुलांची शाळा चालवली. बधिर माणसे आपसांत ज्या खुणांनी बोलतात, त्याच खुणांचा आधार घेऊन त्याने भाषा शिकवली. त्याचे वेगळेपण आणखी एका गोष्टीत होते. त्याने आपली पद्धत लपवून ठेवली नाही. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, वर्ग लोकांसाठी खुले ठेवले आणि दूरदूरहून आलेल्यांना ती शिकवली.

४/
ब्रिटनमध्ये चित्र उलट होते. तेथे टॉमस ब्रेडवुड आणि त्याच्या घराण्यातील मंडळींनी बधिरांना बोलायला शिकवण्याचे काम नावारूपाला आणले. मात्र विद्या घराबाहेर जाऊ दिली नाही. वैद्याने रामबाण औषधाची कृती पोटच्या मुलालाच सांगावी, तसा हा प्रकार होता. शिक्षक घडवण्याची दोन प्रतिमाने अशी समोरासमोर उभी राहिली : खुले ज्ञान आणि कौटुंबिक मक्ता.

५/
१८१५ मध्ये टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा तरुण अमेरिकन धर्मोपदेशक युरोपात आला. हार्टफर्ड येथील ॲलिस कॉग्जवेल या बधिर मुलीसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी शाळा काढायची होती. त्याकरिता ही विद्या शिकून परतणे हा त्याचा हेतू. ब्रिटनमध्ये त्याच्यापुढे जाचक अटी ठेवण्यात आल्या. लंडनमध्ये दीर्घकाळ उमेदवारी करावी लागणार होती, तर एडिंबरामध्ये गुप्ततेचे बंधन आड आले.

६/
लंडनमध्येच त्याची गाठ पॅरिसच्या संस्थेचे प्रमुख आबे सिकार यांच्याशी पडली. सिकार तेथे आपल्या बधिर शिष्यांसह प्रात्यक्षिके देत होते. गॅलॉडेट पॅरिसला गेला आणि खुणांची भाषा शिकू लागला. परतताना त्याने सोबत पुस्तक नव्हे, तर माणूस आणला : लोराँ क्लेर्क. हा स्वतः बधिर होता आणि त्याच संस्थेत शिक्षक होता. १८१६ च्या उन्हाळ्यात दोघे जहाजावर चढले. प्रवासात क्लेर्कने गॅलॉडेटला खुणा शिकवल्या आणि गॅलॉडेटने क्लेर्कला इंग्रजी.

७/
१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा सुरू झाली. अमेरिकेतील बधिर शिक्षणाच्या या पहिल्या टिकाऊ संस्थेत शिक्षकांचा शिक्षक होता एक बधिर मनुष्य. नवी शाळा काढू पाहणारी ऐकणारी माणसे हार्टफर्डला येत, क्लेर्ककडून खुणांची भाषा शिकत, वर्गात बसत आणि मग आपापल्या राज्यांत जात. पदवी नव्हती, परीक्षा नव्हती. गुरूच्या शेजारी उभे राहून काम पाहणे, हेच प्रशिक्षण.

८/
याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील बधिर शाळांमधील शिक्षकांत सुमारे ४० टक्के शिक्षक स्वतः बधिर होते. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या लहान मुलाला पहिल्याच दिवशी आपल्यासारखे मोठे माणूस दिसे. ते माणूस शिकलेले असे, पगार मिळवत असे आणि त्याचा संसारही असे. ऐकणाऱ्या घरात जन्मलेल्या बधिर मुलासाठी ही साधी बाब नव्हती. आपले पुढे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यासमोर उभे असे.

९/
गॅलॉडेटने सोफिया फाउलर या आपल्या बधिर विद्यार्थिनीशी विवाह केला. त्यांचा धाकटा मुलगा एडवर्ड माइनर गॅलॉडेट. आईशी तो लहानपणापासून खुणांनीच बोलला. १८५७ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, वॉशिंग्टनमधील नव्या शाळेचा तो अधीक्षक झाला. ॲमॉस केंडल या माजी पोस्टमास्टर जनरलने या शाळेला जमीन आणि घर दिले होते. सोफिया मुलासोबत आली आणि तिने तेथे मेट्रनचे काम पाहिले.

१०/
८ एप्रिल १८६४. यादवी युद्ध ऐन भरात असताना अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यातून ‘नॅशनल डेफ-म्यूट कॉलेज’ उभे राहिले. १८९४ मध्ये वडील गॅलॉडेट यांच्या स्मरणार्थ त्याला ‘गॅलॉडेट कॉलेज’ हे नाव मिळाले. बधिर तरुण येथे लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान शिकत आणि पदवी घेऊन बाहेर पडत. त्यांतील अनेकांच्या मनात एकच व्यवसाय असे : शिक्षकी.

११/
याच काळात दुसरा प्रवाह बळावत होता. त्याला मौखिक पद्धत म्हणतात. मुलाने ओठांवरून शब्द ओळखावेत, तोंडाने बोलावे आणि खुणा पूर्णपणे टाकून द्याव्यात, असा तिचा आग्रह. १८६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे क्लार्क संस्था या तत्त्वावर सुरू झाली. तिच्या पाठीशी गार्डिनर हबर्ड हे वकील होते. त्यांची मुलगी मेबल पाचव्या वर्षी लोहितज्वराने बधिर झाली होती.

१२/
मेबलचा शिक्षक पुढे तिचा पती झाला. त्याचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचा शोधकर्ता म्हणून तो जगाला परिचित आहे. तो स्वतःला मात्र प्रथम बधिरांचा शिक्षक समजत असे. त्याच्या आईलाही नीट ऐकू येत नसे. वडिलांनी उच्चारांची चित्रलिपी तयार केली होती. तिच्या आधारे बेलने १८७२ मध्ये बोस्टनमध्ये शिक्षकांसाठी वर्ग काढला. टेलिफोनचे पेटंट मिळायला अजून चार वर्षे होती.

१३/
म्हणजे या संघर्षाचे दोन्ही नायक बधिर मातांचे पुत्र होते. दोघांना खुणांची भाषा येत होती. दोघांचे संबंधही प्रारंभी सौहार्दाचे होते. तरीही निष्कर्ष भिन्न निघाले. गॅलॉडेट म्हणत, ज्याला बोलणे जमेल त्याला बोलणे शिकवा, पण खुणा काढून घेऊ नका. या धोरणाला संयुक्त पद्धत असे नाव पडले. बेलच्या मते खुणा म्हणजे बधिरांना उर्वरित समाजापासून अलग ठेवणारी भिंत होती.

१४/
सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बधिर शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मौखिक पद्धतीच्या श्रेष्ठत्वाचा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधात मत देणाऱ्या चौघांत गॅलॉडेट होते. ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता, त्या बधिरांचे प्रतिनिधित्व सभागृहात जवळजवळ नव्हते. या ठरावानंतर युरोपातील शाळांमधून बधिर शिक्षक वेगाने दिसेनासे झाले.

१५/
कारण उघड होते. जिथे उच्चार ऐकून दुरुस्त करणे हेच शिक्षकाचे मुख्य काम ठरते, तिथे न ऐकणारा शिक्षक आपोआप अपात्र होतो. १८८३ मध्ये बेलने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसमोर एक प्रबंध वाचला. बधिरांचे आपसांतील विवाह वाढल्यास मनुष्यजातीची एक बधिर शाखा तयार होईल, अशी भीती त्यात होती. बधिरांना एकत्र आणणाऱ्या ज्या गोष्टी टाळाव्यात असे त्याला वाटे, त्यांत निवासी शाळा, खुणांची भाषा आणि बधिर शिक्षक ही तिन्ही होती.

१६/
इथे बेलला खलनायक ठरवून पुढे जाणे सोपे आहे. पण तो न्याय होणार नाही. बधिर मूल घरापासून तोडले जाऊ नये आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलू शकावे, ही त्याची तळमळ खरी होती. मेबलचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होते. चूक अशी होती की मेबल बोलायला शिकल्यानंतर बधिर झाली होती. जन्मतः बधिर असलेल्या मुलाची वाट निराळी असते. एका मुलीच्या यशावरून सर्वांसाठी नियम करण्यात आला.

१७/
मौखिक शाळा वाढू लागल्या, तसे प्रशिक्षित शिक्षक अपुरे पडू लागले. क्लार्क संस्थेने १८८० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षक-प्रशिक्षणाचा नियमित वर्ग सुरू केला. कॅरोलिन येल यांनी तो नावारूपाला आणला आणि बेलने त्याला पाठबळ दिले. पुढे अमेरिकेच्या प्रथम महिला झालेल्या ग्रेस कूलिज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, पदवी घेतल्यानंतर, येथेच प्रशिक्षण घेतले होते.

१८/
गॅलॉडेट यांनी धोका ओळखला. शिक्षक घडवण्याची सर्व साधने एकाच पंथाच्या हाती गेली, तर वीस वर्षांत शाळाही त्याच पंथाच्या होतील. म्हणून महाविद्यालयात ‘नॉर्मल डिपार्टमेंट’ काढण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. ‘नॉर्मल’ हा शब्द फ्रान्समधील अध्यापक विद्यालयांच्या नावावरून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. शिक्षणाचे माप काटकोनात बसवणारी शाळा ती नॉर्मल शाळा.

१९/
या प्रस्तावात एक नवी गोष्ट होती. प्रवेशासाठी आधीची महाविद्यालयीन पदवी असावी, वर्षभराचा अभ्यास व्हावा आणि शेवटी एम.ए. ही पदवी मिळावी. बधिर मुलांना शिकवणे हे दयेचे काम किंवा घराण्याचे गुपित राहणार नव्हते. ते विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होणार होते. आज ज्याला विशेष शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणतात, त्याच्या अगदी प्रारंभीच्या नमुन्यांपैकी हा एक.

२०/
महाविद्यालय केंद्र सरकारच्या अनुदानावर चालत असल्याने प्रस्ताव काँग्रेसपुढे गेला. बेलने समितीसमोर येऊन त्याला विरोध केला. या वर्गातून बधिर शिक्षक तयार होतील आणि मौखिक शिक्षणाची पीछेहाट होईल, असा त्याचा आक्षेप होता. गॅलॉडेट यांचे उत्तर असे होते की वर्ग ऐकणाऱ्या पदवीधरांसाठीच आहे. बधिरांना त्यात घेतले जाणार नाही. काँग्रेसने मागणी जशीच्या तशी मान्य केली नाही. उच्चारशिक्षणापुरती मर्यादित तरतूद तेवढी पदरात पडली.

२१/
१८९१ च्या शरद ऋतूत वर्ग सुरू झाला. विद्यार्थी मोजके, सर्व ऐकणारे. डावपेच म्हणून गॅलॉडेट यांचा निर्णय यशस्वी ठरला. खुणांची भाषा जाणणारे, बधिर विद्यार्थ्यांमध्ये राहून शिकलेले शिक्षक तयार होऊ लागले. मौखिक पंथाची मक्तेदारी टळली. मात्र त्याची किंमत भरली ती त्याच आवारात शिकणाऱ्या बधिर पदवीधरांनी. शेजारच्या इमारतीतून बी.ए. होऊन ते बाहेर पडत, एम.ए.च्या वर्गाचे दार त्यांच्यासाठी बंद होते.

२२/
अट कागदावर लहान होती, तिची सावली लांब पडली. या वर्गातून बाहेर पडणारे तरुण राज्याराज्यांतील बधिर शाळांचे अधीक्षक होत. पर्सिव्हल हॉल १८९२ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला, नंतर या वर्गात आला आणि १९१० मध्ये गॅलॉडेट यांच्या जागी महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला. १९४५ मध्ये त्यानंतर आलेले अध्यक्ष लेनर्ड एल्स्टाड हेही याच वर्गाचे विद्यार्थी. पदवी, नियुक्ती आणि अधिकार अशी शिडी तयार झाली. तिची पहिली पायरीच बधिरांना वर्ज्य होती.

२३/
आकडे पुन्हा पाहावेत. १८७० मध्ये सुमारे ४० टक्के असलेले बधिर शिक्षकांचे प्रमाण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. जे राहिले, त्यांच्या वाट्याला बहुधा छपाई, सुतारकाम, चांभारकाम यांचे वर्ग आले, किंवा मौखिक पद्धतीत ‘अपयशी’ ठरवलेली मोठी मुले. लहान मुलांचे वर्ग, जिथे भाषेचा पाया घातला जातो, ऐकणाऱ्या शिक्षकांकडे गेले. लोराँ क्लेर्क पुन्हा आला असता, तर त्यालाही ही नोकरी मिळाली नसती.

२४/
बधिर समाज गप्प बसला नाही. १८८० मध्येच त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती. तिचे एक अध्यक्ष जॉर्ज व्हेडिट्झ हे याच महाविद्यालयाचे १८८४ चे पदवीधर आणि व्यवसायाने शिक्षक. चित्रपटाचे नवे तंत्र हाती येताच संघटनेने निधी जमवून खुणांच्या भाषेतील भाषणे चित्रित केली. १९१३ मधील चित्रफितीत व्हेडिट्झ आपल्या भाषेच्या रक्षणाविषयी स्वतः त्याच भाषेत बोलताना दिसतात. ती फीत आजही उपलब्ध आहे.

२५/
या वर्गाचा एक धागा भारतापर्यंत येतो. मुंबईत माझगाव येथे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात बधिरांची शाळा सुरू झाली; ती भारतातील या प्रकारच्या पहिल्या शाळांपैकी. १८९३ मध्ये कोलकात्यात दुसरी शाळा निघाली. तिच्या उभारणीतील जामिनीनाथ बॅनर्जी हे प्रशिक्षणासाठी इंग्लंडला आणि तेथून वॉशिंग्टनच्या याच नॉर्मल वर्गात गेले. परतून त्यांनी कोलकात्याच्या शाळेची धुरा वाहिली.

२६/
त्या काळी भारतात शिक्षक घडवण्याची सोय नसल्याने समुद्र ओलांडणे भाग होते. मात्र परदेशी विद्येबरोबर परदेशी वादही आला. भारतातील बधिर शाळांवर पुढे दीर्घकाळ मौखिक पद्धतीचा पगडा राहिला. वर्गात हात आवरायचे आणि वसतिगृहात, मैदानावर, शिक्षकांची पाठ वळली की हात मोकळे सोडायचे, हा अनुभव जगभरच्या बधिर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचा आहे. त्यांची भाषा टिकली ती अशा चोरट्या क्षणांत.

२७/
विसाव्या शतकाच्या मध्यास पाया हलू लागला. १९५५ मध्ये विल्यम स्टोकी हा इंग्रजीचा प्राध्यापक गॅलॉडेटमध्ये आला. विद्यार्थ्यांच्या हातांकडे त्याने भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. हाताचा आकार, स्थान आणि हालचाल यांच्या नियमबद्ध रचनेतून शब्द बनतात, असे त्याने १९६० मध्ये मांडले. खुणांची भाषा म्हणजे मोडक्यातोडक्या हावभावांची जुळवाजुळव नसून स्वतंत्र व्याकरणाची भाषा आहे, हे शास्त्रशुद्ध पद्धतीने पुढे आले. १९६५ चा तिचा कोश त्याने दोन बधिर सहकाऱ्यांसह सिद्ध केला : कार्ल क्रोनेबर्ग आणि डोरोथी कॅस्टरलाइन.

२८/
त्याच सुमारास सरकारी धोरण बदलले. १९५८ च्या कायद्याने मतिमंद मुलांच्या शिक्षणासाठी नेतृत्व करू शकणारे तज्ज्ञ घडवण्याकरिता विद्यापीठांना अनुदान मिळू लागले. १९६१ मध्ये बधिर मुलांच्या शिक्षकांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९६३ मध्ये हे क्षेत्र आणखी विस्तारले. विशेष शिक्षणातील पदव्युत्तर विभाग ठिकठिकाणी उभे राहिले. १९६५ च्या एका सरकारी अहवालाने बधिर मुलांच्या शिक्षणाची अवस्था समाधानकारक नसल्याचे स्पष्ट सांगितले. केवळ पदव्या वाढल्याने वर्गातील मूल शिकतेच असे नाही, हे उघड झाले.

२९/
गॅलॉडेटच्या पदव्युत्तर विभागाचे दार बधिरांसाठी अखेर १९६० च्या दशकात उघडले. १८९१ पासून मोजले, तर सुमारे सत्तर वर्षे. कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो व्हॅली येथील महाविद्यालयानेही त्याच दशकात नेतृत्व-प्रशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बधिरांना घेतले आणि वर्गात दुभाषे दिले. शिकवणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील, तर दुभाषा आणावा. उपाय इतका साधा होता.

३०/
दार उघडण्याआधी काहींनी दुसरी वाट शोधली होती. अँड्र्यू फॉस्टर हे गॅलॉडेटमधून १९५४ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय बधिर विद्यार्थी. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण मिशिगनमध्ये घेतले. १९५७ मध्ये ते घानाला गेले आणि अक्रा येथे बधिरांची शाळा काढली. पुढील तीन दशकांत आफ्रिकेतील अनेक देशांत त्यांनी ३० हून अधिक शाळा उभ्या केल्या आणि त्यांसाठी स्थानिक शिक्षक घडवले. बधिर माणूस शिक्षकांचा शिक्षक होऊ शकतो का, या प्रश्नाला हार्टफर्डनंतर मिळालेले हे दुसरे मोठे उत्तर.

३१/
मार्च १९८८ मध्ये गॅलॉडेट विद्यापीठाच्या विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकणारी व्यक्ती अध्यक्षपदी नेमली. विद्यार्थ्यांनी फाटके अडवली आणि सुमारे आठवडाभर विद्यापीठ बंद पाडले. नवनियुक्त अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. संस्थेच्या स्थापनेपासून तोपर्यंतचे सातही अध्यक्ष ऐकणारे होते. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून त्यांबद्दल खेद व्यक्त केला.

३२/
भारतातही संस्था उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवणदोष या विषयातील शिक्षकांचे उच्च प्रशिक्षण हे तिचे एक प्रमुख कार्य. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम प्रमाणित करणे आणि पात्र शिक्षकांची नोंदणी ठेवणे तिच्याकडे आले. बी.एड. आणि एम.एड. यांना ‘विशेष शिक्षण’ ही स्वतंत्र शाखा मिळाली.

३३/
२०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथील एक पदविका बधिर व्यक्तींनाच सांकेतिक भाषेचे शिक्षक म्हणून घडवण्यासाठी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १७ मध्ये तर सरकारवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे : सांकेतिक भाषा आणि ब्रेल यांत पात्र असलेल्या शिक्षकांना, त्यांत दिव्यांग शिक्षकांनाही, प्रशिक्षित करावे आणि कामावर घ्यावे.

३४/
वॉशिंग्टनमध्ये १८९१ साली ज्या गोष्टीला नकार देऊन अनुदान मिळवावे लागले, ती सव्वाशे वर्षांनी भारतीय कायद्याच्या कलमात लिहिली गेली. कलम लिहिणे आणि वर्गात बधिर शिक्षक उभा असणे यांतील अंतर मात्र अजून कापायचे आहे. बधिर पदवीधराला बी.एड.च्या व्याख्यानाला दुभाषा मिळतो का, त्याला प्रात्यक्षिक पाठ स्वतःच्या भाषेत घेऊ दिला जातो का, याच्या उत्तरावर ते अंतर मोजता येईल.

३५/
गॅलॉडेट यांच्या तडजोडीचा निवाडा आजही एकमताने होत नाही. त्यांनी आग्रह धरला असता, तर कदाचित वर्गच निघाला नसता आणि खुणांची भाषा जाणणारे शिक्षक आणखी विरळ झाले असते. त्यांनी आग्रह धरला नाही, म्हणून तात्पुरती वाटलेली अट सत्तर वर्षांची परंपरा झाली. प्रवेशाचे नियम पुढे पिढ्यान्‌पिढ्या अधिकाराचे वाटप करत राहतात. ज्याच्यासाठी शाळा काढली, त्याला त्या शाळेत शिक्षक होता येते का, हे विचारण्याची वेळ नियम करतानाच असते.

(समाप्त)
#इतिहास #शिक्षणाचा_इतिहास